विश्लेषण : ‘सुप्रीम कोर्टाने म्हटले’ म्हणजे नेमके काय? पालघरच्या एका फेसबुक पोस्टने दिलेला धडा

सर्वोच्च न्यायालयाची बातमी आज केळवे रोडच्या फलाटावर आणि दिल्लीतल्या न्यायालयाच्या आवारात जवळपास एकाच मिनिटाला पोहोचते. मात्र फोनवर येते ती बहुतेकदा एकच ओळ: ‘सुप्रीम कोर्टाचा मोठा निर्णय’. तो खरोखर निर्णय आहे, की सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलेला प्रश्न, हे त्या ओळीतून कळत नाही. हा फरक किती महागात पडू शकतो, हे पालघर जिल्ह्याइतके क्वचितच कुणी अनुभवले असेल.

पालघरचे प्रकरण काय होते?

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. त्यानंतर मुंबई आणि परिसरात बंद पाळला गेला. पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न उपस्थित केला, तर दुसऱ्या तरुणीने ती पोस्ट ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोडही झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.

गुन्ह्यात भारतीय दंड संहितेबरोबर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ लावले होते. ‘त्रासदायक’ किंवा ‘अत्यंत आक्षेपार्ह’ संदेशासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद या कलमात होती. त्रासदायक कशाला म्हणायचे, याची व्याख्या मात्र कायद्यात कुठेच नव्हती. देशभर टीका झाल्यावर पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि पुढे पोलिसांनी हे प्रकरण बंद केले.

मग सर्वोच्च न्यायालयाने काय ठरवले?

या अटकेनंतर दिल्लीतील श्रेया सिंघल या तरुणीने थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. इतर याचिकाही तिच्यासोबत जोडल्या गेल्या. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती जस्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने कलम ६६अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरवले. एखाद्या विषयाची चर्चा करणे, त्याचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना घटनेचे संरक्षण आहे, असा या निकालाचा गाभा होता.

बातमीत काय निसटले?

‘फेसबुक पोस्टसाठी आता अटक नाही’ असा मथळा त्या दिवशी अनेकांच्या मनात बसला. निकालात तसे म्हटलेले नव्हते. कलम ६६अ गेले, पण अब्रुनुकसानी, धार्मिक भावना दुखावणे, समाजात तेढ निर्माण करणे यासंबंधीची दंड संहितेतील कलमे तशीच राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही असे गुन्हे आहेत. संकेतस्थळे आणि मजकूर रोखण्याचा सरकारचा अधिकार देणारे कलम ६९अ तर याच निकालाने वैध ठरवले.

म्हणजे एकाच निकालात एक कलम रद्द झाले, दुसरे टिकले आणि मध्यस्थ कंपन्यांच्या जबाबदारीविषयीच्या कलम ७९ चा अर्थ मर्यादित केला गेला. मथळ्यात यातली एकच गोष्ट मावली. बाकीच्या दोन गोष्टी वाचकाला पोस्ट टाकण्याआधी माहीत असायला हव्या होत्या.

निकाल लागला, मग प्रश्न मिटला का?

नाही. बातमीदारीची सर्वात मोठी उणीव इथेच दिसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. तरीही २०१५ नंतर रद्द झालेल्या ६६अ खाली गुन्हे नोंदले जात राहिले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २०२१ मध्ये न्यायालयासमोर ठेवलेल्या आकडेवारीनुसार ११ राज्यांतील जिल्हा न्यायालयांत ७४५ प्रकरणे प्रलंबित होती. निकालानंतर नोंदल्या गेलेल्या प्रकरणांत ३८१ प्रकरणांसह महाराष्ट्र सर्वात पुढे होता. ज्या राज्यातल्या अटकेमुळे हा प्रश्न ऐरणीवर आला, तिथेच निकाल पोलीस ठाण्यांपर्यंत पोहोचला नव्हता.

न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये निकालाच्या प्रती उच्च न्यायालये आणि मुख्य सचिवांमार्फत खालपर्यंत पोहोचवण्यास सांगितले होते. ५ जुलै २०२१ रोजी न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने या परिस्थितीबद्दल धक्का व्यक्त केला. तेव्हा केंद्राच्या वतीने सांगण्यात आलेले कारण बोलके होते: छापील कायद्यात कलम ६६अ अजूनही दिसते आणि ते रद्द झाल्याचा उल्लेख फक्त तळटीपेत आहे. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही, असे पुन्हा स्पष्ट केले.

निकालाच्या दिवशी पहिल्या पानावर झळकलेली बातमी पुढची सात वर्षे सातत्याने कुणी लावून धरली असती, तर ‘आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात हे कलम अजून लागते का’ हा साधा प्रश्न कितीतरी आधी विचारला गेला असता. तो विचारण्यासाठी दिल्लीत प्रतिनिधी असण्याची गरज नव्हती. पालघर किंवा बोईसरचा बातमीदार पुरेसा होता.

न्यायमूर्ती बोलले ते सगळे आदेश असतात का?

सुनावणीत न्यायमूर्ती दोन्ही बाजूंना अडचणीचे प्रश्न विचारतात. युक्तिवाद तपासण्याची ती पद्धत आहे. एप्रिल २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोविडकाळातील प्रचारसभांवरून निवडणूक आयोगावर तोंडी ताशेरे ओढले. अशा शेऱ्यांच्या वार्तांकनावर बंधन घालावे, ही आयोगाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२१ रोजी मान्य केली नाही. न्यायालयात काय चालते हे सांगण्याचा माध्यमांना अधिकार आहे, पण तोंडी शेरे अधिकृत नोंदीचा भाग नसतात, असे न्यायालयाने स्पष्ट केले. थोडक्यात, शेरा जरूर छापावा, मात्र तो शेरा आहे हे मथळ्यातच सांगावे.

थेट प्रक्षेपणामुळे ही जबाबदारी वाढली आहे. घटनापीठाच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ पासून सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी त्यात शिवसेनेतील सत्तासंघर्षाचे प्रकरण होते. सुनावणीतले अर्ध्या मिनिटाचे तुकडे तेव्हापासून ‘निकाल’ म्हणून फिरत आले आहेत. प्रत्यक्ष निकाल ११ मे २०२३ रोजी लागला. त्यात राज्यपाल आणि विधानसभा अध्यक्षांच्या निर्णयांवर ठपका होता, पण उद्धव ठाकरे यांनी स्वतः राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, असेही म्हटले होते. दोन्ही गटांनी विजय साजरा केला. अर्धा निकाल वाचणाऱ्याला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या असत्या.

पालघरच्या वाचकासाठी हे आज का महत्त्वाचे?

कारण या जिल्ह्याचे अनेक प्रश्न न्यायालयातूनच जातात. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशामुळे डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये वाढवण बंदराला सशर्त मंजुरी दिली. त्याविरोधातील याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयाकडे गेला.

सातपाटी, केळवे ते डहाणूपर्यंतच्या मच्छीमारांसाठी अशा वादात शब्दाशब्दाला किंमत असते. ‘नोटीस बजावली’ म्हणजे दुसऱ्या बाजूचे म्हणणे मागवले. काम थांबले नाही. ‘स्थगिती’ म्हणजे काम तात्पुरते थांबले. याचिका जिंकली नाही. ‘निकाल राखीव’ म्हणजे सुनावणी संपली, निर्णय बाकी आहे. विशेष अनुमती याचिका कारण न देता फेटाळली, तर त्याचा अर्थ खालच्या न्यायालयाच्या प्रत्येक मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्का मारला असा होत नाही. चुकीच्या मथळ्यावर विश्वास ठेवून कुणी निर्धास्त होतो, तर कुणी आंदोलनाची हाक देतो.

वाचकाने काय पाहावे, वृत्तपत्रांनी काय करावे?

फोनवर बातमी आली की चार गोष्टी शोधाव्यात: आदेशाची तारीख, पीठातील न्यायमूर्तींची नावे, तोंडी शेरा आहे की लेखी आदेश, आणि आदेश कुणाला लागू आहे. यातले काहीच नसेल तर तो संदेश पुढे पाठवू नये. न्यायालयाच्या संकेतस्थळावर आदेश मोफत मिळतात आणि काही निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत.

मोठी जबाबदारी मात्र वृत्तपत्रांची आहे. दिल्लीहून आलेली वृत्तसंस्थेची बातमी मराठीत उतरवली की काम संपते, ही सवय मोडायला हवी. ‘ब्रेकिंग’ पाच मिनिटे उशिरा गेली तरी चालेल, पण आदेश वाचल्याशिवाय ‘निर्णय’ हा शब्द मथळ्यात जाऊ नये. आदेश हाती आला नसेल, तर तसे बातमीत लिहावे. आणि प्रत्येक महत्त्वाच्या निकालानंतर सहा महिन्यांनी तालुक्यात जाऊन विचारावे की इथे काय बदलले. कलम ६६अ सात वर्षे तळटीपेत लपून राहिले, कारण हा प्रश्न विचारणारे फार थोडे होते. निकाल दिल्लीत लागतो. तो लागू झाला की नाही, हे पालघरच्या पोलीस ठाण्यातच कळते.