दिवसांचा जमाखर्च

पैशाचा जमाखर्च आपल्या बहुतेक घरांत ठेवला जातो. दुधाचा आणि वाण्याचा हिशेब तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरहि मांडलेला असतो. परंतु घरांतील माणूस कोणत्या देशांत किती दिवस राहिलें, याचाहि हिशेब ठेवण्याची पाळी येईल, हें आपल्या आजोबांच्या स्वप्नांतहि आलें नसतें. ज्यांचीं मुलें-सुना कॅनडांत आहेत त्या घरांवर ती आज आली आहे. म्हणून या महिन्यांत त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

आमच्या परिचयाचें पुण्यांतील एक कुटुंब आहे. थोरला मुलगा टोरोंटोस नोकरीस असून तेथील नागरिक झाला आहे. आपला कायदा एकाच वेळीं दोन देशांचें नागरिकत्व ठेवूं देत नाहीं. तेव्हां घरांतील एकानें तरी भारतीय राहावें, असें ठरवून सुनेनें आपलें नागरिकत्व सोडलें नाहीं. ती तेथील ‘कायम रहिवासी’ आहे, आणि त्याचें पांच वर्षांच्या मुदतीचें कार्ड तिच्याजवळ होतें. या पांच वर्षांत सासऱ्यांच्या अखेरच्या आजारांत ती 400 दिवस पुण्यास राहिली. पुढें सासूबाईंच्या मांडीचें हाड मोडलें तेव्हां 640 दिवस राहिली. पति दोन्ही वेळीं नोकरीमुळें तिकडेच होता. ‘आणखी महिनाभर राहा’ असें सर्वांनींच म्हटलें, आणि ती राहिली. दिवस कोणीच मोजले नाहींत.

आतां कायदा पाहूं. कॅनडांत सध्यां चालूं असलेला कायदा 28 जून 2002 रोजीं अमलांत आला. त्यापूर्वीं बारा महिन्यांत 183 दिवसांहून अधिक काळ बाहेर राहणाऱ्यानें तो देश सोडला, असें गृहीत धरीत. तसा हेतु नव्हता हें त्यालाच पटवून द्यावें लागे. नवा नियम अधिक सैल आणि अधिक स्पष्ट आहे. पांच वर्षांत 730 दिवस तेथें वास्तव्य हवें. तें सलग नसलें तरी चालतें, आणि येण्या-जाण्याचा दिवसहि पुरा धरला जातो. पांच वर्षांचे 1,826 दिवस धरले तर बाहेर राहण्यास 1,096 दिवसांची मोकळीक मिळते. सुनेचे 1,040 खर्चीं पडले होते. शिल्लक राहिली अवघ्या 56 दिवसांची.

याच कायद्यांतील एक सवलत आमच्या मनाला अधिक लागली. कॅनडाचा नागरिक असलेल्या पतीच्या किंवा पत्नीच्या सोबत परदेशीं राहिल्यास ते दिवस जमेस धरले जातात. नागरिक आईबापांसोबत राहणाऱ्या लहान मुलाचे आणि तेथील संस्थेनें पूर्ण वेळच्या कामासाठीं बाहेर पाठविलेल्या नोकराचे दिवसहि धरले जातात. परंतु कायम रहिवासी असलेली वृद्ध आई आपल्या नागरिक मुलासोबत भारतांत राहिली, तर तिला ही सवलत नाहीं. पतीला तिकडे ठेवून सुनेनें एकटीनें त्याच्या आईची शुश्रूषा केली, तर तिलाहि नाहीं. पति सोबत येऊन नुसता बसून राहिला असता, तर तिचे दिवस वाचले असते! कायद्याला दोष देण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. कायदा वास्तव्य मोजतो. कर्तव्य मोजण्याचें माप त्याच्यापाशीं नाहीं. तें माप घरानेंच ठेवावयाचें असतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कार्डाची मुदत संपली म्हणजे राहण्याचा हक्क संपला, असें नव्हे. नुसतें कार्ड जुनें झाल्यानें किंवा दिवस कमी पडल्यानें हक्क आपोआप जात नाहीं; त्यासाठीं रीतसर निर्णय व्हावा लागतो. पण विमानानें परत जातांना हें कार्ड लागतें. तें नसल्यास परदेशांतून निराळें प्रवासपत्र मागावें लागतें, आणि तेथेंहि 730 दिवसांचीच तपासणी होते. नव्या कार्डासाठीं अर्ज मात्र कॅनडांत असतांनाच करावा लागतो.

मुदतीस तीन आठवडे उरले असतां सून टोरोंटोस पोंचली आणि तिनें अर्ज केला. प्रवासाच्या तारखा तिनें आठवणीनें लिहिल्या. त्यांतल्या दोन पासपोर्टावरील शिक्क्यांशीं जुळेनात, आणि एक शिक्का तर पुसटच होता. शिल्लक अगोदरच थोडी. त्यांत ही तफावत. प्रकरण अधिक चौकशीकडे गेलें. महिने लोटले. मग पत्र आलें, कीं कराचे कागद, घरभाड्याच्या पावत्या आणि त्या तारखांचा खुलासा पाठवावा. इकडे सासूबाई दूरध्वनीवर रोज विचारीत, ‘कधीं येतेस?’ येणें अशक्य नव्हतें. पण आलें तर परत जाण्याची खात्री नव्हती.

खुलाशाचा धागा सांपडला तो सासूबाईंच्याच वहींत. सून आली त्या दिवसापासून दुधाच्या हिशेबांत अर्धा लिटर वाढला होता, आणि ती गेली त्या दिवशीं तो कमी झाला होता. वही कांहीं सरकारी दाखला नव्हे. परंतु तिच्यावरून तारखा आठवल्या, त्यावरून विमानाचीं जुनीं तिकिटें शोधलीं, आणि दुरुस्त यादी गेली. आठव्या महिन्यांत कार्ड आलें. तोंवर धाकट्या जावेनें आणि नणंदेनें पाळीपाळीनें सासूबाईंना सांभाळलें. ही पाळी अगोदरच लावतां आली नसती काय, हा प्रश्न त्या घरांत आतां सर्वजण स्वतःस विचारतात.

ज्यांचीं माणसें कायम रहिवासी आहेत, त्यांना आमची विनंती अशी. प्रत्येक प्रवासाची तारीख त्याच दिवशीं वहींत लिहावी, आणि तिकिटें व जुने पासपोर्ट जपून ठेवावे. कार्डाची मुदत नऊ महिन्यांहून कमी उरली कीं अर्ज करतां येतो. शेवटच्या आठवड्यांची वाट पाहूं नये. घरांत गंभीर आजार असल्यास तसा पुरावा जोडून अर्ज लवकर पाहण्याची विनंती करतां येते. आजाऱ्याच्या सेवेसाठीं राहावें लागल्यास डॉक्टरांचे दाखले त्याच वेळीं घ्यावे. कारण दिवस कमी पडले तरी माणुसकीच्या दृष्टीनें कारणें विचारांत घेण्याची तरतूद आहे. परदेशांत प्रवासपत्र नाकारलें गेल्यास 60 दिवसांत अपील करतां येतें. आणि कांहीं झालें तरी तारखा फिरवूं नयेत. 2020 पासून विमानानें देश सोडणाऱ्यांची नोंदहि तेथील सरकारकडे जाते. पण ती जात नसती, तरीहि आमचा सल्ला हाच असता.

दिवस मोजणें हें आपल्याकडे कृपणपणाचें वाटतें. आजारी माणसाच्या उशाशीं बसून कोण तारखा मोजील, असें आपण म्हणतों. पण ‘आणखी महिनाभर राहा’ असें सुनेला सांगतांना तो महिना कोणाच्या शिलकींतून जातो, हें विचारण्याचें काम तिचें नव्हे, सांगणाऱ्यांचें आहे. तो हिशेब वडीलधाऱ्यांनीं स्वतः मांडला, तर सुनेला तोंड उघडून ‘आतां मला गेलें पाहिजे’ असें म्हणण्याचा प्रसंग येणार नाहीं.