रतीब तुटू देऊ नका

दिवाळी पाडव्याला बेळगावात म्हशी पळवल्या जातात, तेव्हा आपण सारे मुलाबाळांसह रस्त्याच्या कडेला उभे असतो. रंगवलेली शिंगे, गळ्यातल्या माळा, पुढे पळणारा मालक आणि त्याच्या हाकेसरशी धावणारी म्हैस. बाहेरगावच्या पाहुण्यांना आपण अभिमानाने सांगतो, ही आमची परंपरा. पण वर्षातले बाकीचे दिवस त्या म्हशी कुठे बांधतात, काय खातात आणि त्यांच्यावर किती घरे चालतात, याची चौकशी आपण किती जण करतो?

हे लिहायला कारण घडले आहे. आमच्या भागात तीन पिढ्यांपासून रतीब घालणारे एक गवळी घर आहे. दहा म्हशी, घरामागे गोठा, राबणारी सगळी घरचीच माणसे. गोठ्याशेजारी अपार्टमेंट झाले आणि वास, माश्या, शेण यांविषयी तक्रार गेली. आता गोठा हलवा, असे त्या घराला सांगण्यात आले आहे. कुठे हलवायचा, हे कोणी सांगितलेले नाही. तक्रारीवरच्या सह्या पाहिल्या तर बहुतेक नावे आपलीच, मराठी घरांची. त्यातली काही घरे कालपरवापर्यंत याच गोठ्याचे दूध घेत होती.

गवळ्याचा हिशेब एकदा समजून घेतला पाहिजे. म्हैस व्याल्यावर साधारण नऊ-दहा महिने दूध देते, मग पुढच्या वेतापर्यंत चार-पाच महिने भाकड राहते. म्हणजे दहा म्हशींच्या गोठ्यात एका वेळी सहा-सातच दुभत्या. दिवसाला सरासरी ७ लिटर धरले तर ४०-४५ लिटर दूध, आणि तेवढ्यावर तीस-चाळीस घरांचा रतीब. वैरण मात्र दहाही म्हशींना लागते. ओला चारा, भाताचे पिंजर, सरकी पेंड, यांतले काहीच स्वस्त राहिलेले नाही. शहराभोवतीची भातशेती रस्ते आणि वसाहतींखाली जात आहे, तसे पिंजरही लांबून आणावे लागते. चांगली म्हैस घ्यायची तर लाखाच्या घरात पैसे मोजावे लागतात. एक म्हैस दगावली की वर्षाची कमाई गेली. पहाटे चारला उठणाऱ्या या घराला लग्नकार्यालाही सुट्टी नसते.

पिशवीच्या दुधाशी आमचे वैर नाही. सहकारी दूध संघांनी खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्याला हक्काचा पैसा दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण टोन्ड दुधाच्या पिशवीत स्निग्धांश ३ टक्के असतो आणि म्हशीच्या निर्भेळ दुधात साधारण त्याच्या दुप्पट, हे आपल्या घरातल्या बायकांना सायीवरूनच कळते. शिवाय व्यवहाराचा भाग वेगळाच. घरी बाळंतपण असले की गवळी न सांगता माप वाढवतो. म्हैस व्याली की चीक घरपोच येतो आणि मुलांना खरवस मिळतो. महिनाअखेरीस हात आखडला तर पुढल्या महिन्यात द्या म्हणतो. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद असताना दाराशी किटली वाजत होती, हे विसरण्याइतके दिवस झालेले नाहीत.

तक्रारीत तथ्य नाही, असेही आम्ही म्हणत नाही. शेण गटारात सोडणे चूक आहे. दुधात पाणी घालणारे आहेत, पान्हा फुटावा म्हणून इंजेक्शन टोचणारेही आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने असे इंजेक्शन हा गुन्हा ठरवला आहे आणि जो ते करतो त्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण चार जणांच्या लबाडीसाठी सगळा धंदा शहरातून हुसकून लावणे हा न्याय नव्हे. घाणीवर उपाय आहे. दहा म्हशींचे दिवसाला दीडशे किलोच्या वर शेण पडते. ५० किलो शेणात एका कुटुंबाची चूल चालेल एवढा गोबर गॅस मिळतो. म्हणजे गटारात जाते ती तीन घरांची चूल आहे.

१९५६ पासून आपण सीमालढा लढत आहोत. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याकडे डोळे लावून बसलो आहोत. मराठीत कागदपत्रे मिळावीत, फलकांवर मराठी असावी, यासाठी निवेदने देतो. ते सोडायचे नाही. पण भाषा टिकते ती माणसे जागेवर टिकली तर, आणि माणसे टिकतात ती धंदा टिकला तर. गवळी कन्नड घरीही दूध घालतो, दोन्ही भाषा बोलतो आणि कोणाचे दूध नासवत नाही. हा धंदा आपल्या डोळ्यांदेखत मोडला, तर त्या घरची मुले पुण्या-मुंबईच्या गाडीत बसतील. मग मराठी फलक वाचायला गल्लीत राहणार कोण?

म्हणून आमचे म्हणणे असे. महापालिकेकडे द्यायच्या पुढच्या निवेदनात गवळ्यांचा मुद्दा घातला पाहिजे. शहराच्या हद्दीलगत गोठ्यांसाठी पाणी, गोबर गॅस आणि जनावरांच्या डॉक्टरची सोय असलेली जागा द्यावी, आणि जागा मिळेपर्यंत कोणाचा गोठा हलवू नये. सहकारी संस्थेला दूध घालणाऱ्याला राज्य सरकार लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहनधन देते. घरोघरी रतीब घालणाऱ्या छोट्या गवळ्याला त्यातला एक पैसाही मिळत नाही. त्याचीही नोंदणी करून काही मदत मिळावी, अशी मागणी आपल्या नगरसेवकांनी आणि आमदारांनी लावून धरावी. गवळी बांधवांनीही शेणाची व्यवस्था आणि दुधाची तपासणी यांची जबाबदारी एकत्र येऊन घ्यावी.

आणि आपण? तक्रारीवर सही करण्याआधी गोठ्यात जाऊन दोन शब्द बोलावे. दुधाविषयी शंका असेल तर गवळ्याच्या समोर मापक लावावे. बिल वेळेवर द्यावे. बंद केलेला निदान एका लिटरचा रतीब पुन्हा सुरू करावा. पुढच्या पाडव्याला म्हशी पाहायला आपण पुन्हा जाणारच आहोत. त्या पळवणारी माणसे तेव्हा गावात असली पाहिजेत.