आधी दुखणं ऐका

आमच्या आळ्यात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. मुक्या जनावराने वेद म्हटले, असं लोक श्रद्धेने सांगतात. माणसाच्या बोलण्याला मात्र दवाखान्यात किंमत नाही.

स्टेंट बसल्यावर अब्बांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. मांड्या दुखतात म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, "वय झालं, चाचा." अब्बांनी गुपचूप गोळी सोडली. स्टेंटच्या माणसाने ती सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात, हे डॉक्टरांना ठाऊक नाही का? सेरिव्हास्टॅटिन २००१ साली बाजारातून काढली, ती स्नायूंची नासाडी होऊन माणसं दगावली म्हणूनच. दुसरी बाजूही खरी आहे: ब्रिटनमधल्या २०२० च्या एका अभ्यासात गोळीमुळे वाटणारा जवळपास ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला.

मग अब्बांचं दुखणं कशाचं? सीके तपासा, डोस कमी करा, गोळी बदलून बघा. पण त्याआधी ऐका तरी! व्हॉट्सअॅपवर गोळीला जहर म्हणणारे दोषी आहेतच. पण पेशंटला त्यांच्या दारात ढकलतं ते तुमचं 'वय झालं'.

आणि अब्बा, तुम्हीही ऐका: डॉक्टर बदला, पण विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.