कुठे करू सही?

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यानंतर महिना-दोन महिन्यांत एक कागद घरात येतो. मुलगा नाहीतर जावई तो पुढ्यात ठेवतो, बोटाने जागा दाखवतो आणि ती माउली चष्मा शोधत एवढंच विचारते, "कुठे करू सही?" कशावर करू, असं विचारणाऱ्या बायका मला इतक्या वर्षांच्या कामात बोटांवर मोजण्याइतक्याच भेटल्या.

बहुतेक वेळा तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. बहिणींनी हक्क सोडण्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. पण त्याच कागदावर आईचीही सही घेतात, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आईला कशाला हवा हिस्सा, तिचं आता काय राहिलं, असा सगळ्यांचा समज. अहो, साठीत नवरा गेला तर पुढची वीस वर्षं तिला काढायची असतात!

कायदा काय सांगतो ते बघू. 1956च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याने स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, सगळ्यांचा हिस्सा सारखा. दोन मुलगे, एक मुलगी आणि बायको असेल, तर आईचा चौथा हिस्सा. आणि तो तिच्या पूर्ण मालकीचा, हयातीपुरता नव्हे. (मुस्लिम आणि ख्रिस्ती मैत्रिणींसाठी नियम वेगळे आहेत, ते जाणकार वकिलाकडूनच समजून घ्यावेत.) हक्कसोडपत्राची नोंदणी झाली की तो हिस्सा गेला. मागाहून मन बदललं म्हणून एकटीने जाऊन ते रद्द करता येत नाही. कोर्टात जावं लागतं, आणि या वयात कोर्ट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मी मुलांना खलनायक ठरवत नाही. पुष्कळदा घरावर कर्ज काढायचं असतं, एकाच नावावर असलं की बँकेला सोपं जातं, एवढंच कारण असतं. आमच्या बचत गटातल्या एका आजींच्या बाबतीत असंच झालं. मुलगा चांगला होता, त्याने आईला कधी अंतर दिलं नाही. पण चार वर्षांनी तोच अपघातात गेला. सून माहेरी निघून गेली, घर विकायला काढलं, आणि आजींच्या नावावर त्या घरातली एक वीटसुद्धा नव्हती. यात वाईट कोण होतं, सांगा! नावावर काही असतं, तर तिला विचारल्याशिवाय घर विकता आलं नसतं, एवढं खरं.

दुसरा कागद बक्षीसपत्राचा. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, वर स्थानिक कर असेल तो वेगळा. त्यामुळे "आई, आत्ताच करून टाकू, नंतर खर्च वाढेल" असा आग्रह होतो. खर्च वाचतो हे खरंच. पण बक्षीसपत्र केलं की मालकी आजच जाते, मृत्युपत्र केलं तर आपल्यामागे. मृत्युपत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं. मला विचाराल तर हयातीत राहतं घर कुणालाही बक्षीस देऊ नये.

द्यायचंच असेल तर 'आईला हयातभर या घरात राहू द्यायचं, तिचं खाणंपिणं, औषधपाणी बघायचं' ही अट कागदातच लिहून घ्यावी. 2007 साली ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला, त्याच्या कलम 23मध्ये ही सोय आहे. अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द ठरवता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, वकील लावायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला याच कलमाखाली तिचं घर परत मिळवून दिलं. पण अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

मृत्युपत्राची आपल्याकडे उगीच भीती. नाव काढलं तरी "अशुभ बोलू नका" म्हणतात. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी). आपली सही आणि ती प्रत्यक्ष पाहणारे दोन साक्षीदार. ज्याला वाटा द्यायचा त्यालाच साक्षीदार करू नये. आणि हे फक्त पुरुषांचं काम नव्हे बरं! मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिने स्वतः कमावलेलंसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर नंतर. 2009मध्ये सर्वोच्च न्यायालयात अशाच एका नोकरी करणाऱ्या विधवेची मिळकत सासरकडे गेली. लग्नानंतर काही महिन्यांतच ती विधवा झाली होती, जन्म सगळा माहेरी काढलेला.

"नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?" हेही नेहमी ऐकते. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे हातात घेणारा, तो मालक होतोच असं नाही. वारस त्याच्याकडून वाटा मागू शकतात. 1 नोव्हेंबर 2025पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. पासबुक काढून एकदा बघा, तिथे कुणाचं नाव आहे. कित्येकींच्या नवऱ्याच्या खात्यावर अजून सासूबाईंचंच नाव असतं, आणि सासूबाई जाऊन दहा वर्षं झालेली!

तरीही सगळ्यात सोपं काम नवरा असतानाच होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, त्यानंतर 1992मध्ये शासनाने सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची सोय केली. तलाठी कार्यालयात (आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं, पण आपल्या तोंडी तलाठीच) अर्ज करायचा. तो अर्ज नवऱ्याने करायचा असतो. म्हणून विषय काढायचा तो सुगीनंतर, माल विकून चार पैसे हातात असताना आणि मंडळी जेवून खुशीत बसलेली असताना. भांडणात काढलात तर अर्ज राहील बाजूला.