मधल्या खंडावर अडलेल्या वाचकांसाठी

प्रति,
दीर्घ कादंबरीमालिका छापणारे प्रकाशक व त्यांचे संपादक



रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड १९९० साली आला, चौदावा २०१३ साली. या मालिकेच्या वाचकाकडे दहाव्या खंडाचा, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’चा (२००३) विषय काढा, त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. नवव्याच्या शेवटी प्रचंड काही घडतं आणि दहाव्यात एकेक पात्र ते दुरून जाणवून थबकतं. गोष्ट जागची हलत नाही. पेरिन या प्रमुख पात्राच्या बायकोला आठव्या खंडात, म्हणजे १९९८ साली, पळवून नेलेलं. दहाव्यातही तो तिला सोडवण्याच्याच खटपटीत आहे, आणि मधेच सो हाबोर गावात कीड लागलेलं धान्य खरेदी करतोय. तिची सुटका होते अकराव्या खंडात, २००५ साली. सात वर्षं वाचकाने कळ काढायची!

तरीही हा खंड गाळू नये, असंच मी म्हणेन. त्याच्या शेवटच्या पानांत एग्वेन ही मालिकेतली एक नायिका प्रतिपक्षाच्या हाती लागते, आणि तिथून सुरू झालेली तिची झुंज बाराव्या खंडात अशी रंगते की मागचा सगळा कंटाळा वसूल होतो. २००७ साली जॉर्डन गेले. त्यांच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड सिद्ध केले, ते याच चिवट वाचकांच्या भरवशावर.

या वाचकांना तुम्ही काय देता? पुस्तकाच्या मागे शब्दसूची आहे, पण गोष्ट कुठवर आली होती हे सांगणारं एक पान नाही. दोन-तीन वर्षांनी नवा खंड उघडणाऱ्याने शेकडो पात्रं ध्यानात ठेवायची कशी? आणि मधले खंड मिळत नाहीत. पाचव्यासाठी मी पुण्यातला पुस्तकांचा अप्पा बळवंत चौक पालथा घातला. चौथा होता, सहावा होता.

दुसऱ्या मालिकांतही वाचकाची अशीच गैरसोय होते. जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेतल्या ‘अ फीस्ट फॉर क्रोज’मध्ये (२००५) टिरियन आणि डेनेरिस या प्रमुख पात्रांची प्रकरणंच नाहीत. हा खुलासा वाचकाला मिळतो पुस्तक संपल्यावर, शेवटच्या टिपेत. ती प्रकरणं असलेला खंड आला २०११ साली. असा खुलासा पहिल्या पानावर हवा, पैसे मोजण्याआधी दिसेल असा.

तेव्हा विनंती एवढीच: प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला चार पानं मागच्या कथेचा सारांश छापा, आणि मालिका चालू आहे तोवर तिचा एकही खंड बाजारातून संपू देऊ नका.

कळावे,
आपला एक वाचक