मण्यांच्या ब्रेसलेटची मजुरी डझनावर नको, जोडावर हवी

मणी गुंफण्याचे काम आमच्या समाजाला नवे नाही. महाराष्ट्रातील मणियार आणि पटवेगार ही नावेच या धंद्याशी बांधलेली आहेत. मणियारांनी गावोगाव बांगड्या विकल्या, पटवेगारांनी रेशमाच्या धाग्यात दागिने गुंफून दिले. आज धाग्याच्या जागी तार आली आहे. मुंबईत मालाड हे इमिटेशन ज्वेलरीचे मोठे केंद्र बनले आहे आणि त्या मालाचे पुष्कळसे काम उपनगरांतील स्त्रिया घरी बसून करतात. त्यात मणी आणि तारेचे ब्रेसलेट हा एक प्रकार आहे. दिसायला साधा, पण हात बसल्याशिवाय न जमणारा.

नवशिक्यांसाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्या भगिनींनी पाच-दहा वर्षे पक्कड हातात धरली आहे, ज्यांच्या कडीची गोलाई बघून माल कोणाच्या हातचा हे ओळखता येते, त्यांच्यासाठी आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांसाठी हे आहे. आमचे म्हणणे एवढेच की, या कामाची मजुरी डझनावर ठरवण्याची पद्धत चुकीची आहे.

साधा हिशेब करू. आठ मिलिमीटरचा मणी घेतला, त्याच्या दोन्ही बाजूंना कडी वळवली आणि कडीच्या मानेवर तारेचे दोन-तीन वेढे दिले, तर एक जोड तयार होतो. सात इंची मनगटाला असे साधारण अकरा जोड लागतात. अकरा जोड म्हणजे बावीस कड्या. तरबेज हातालाही एका जोडाला तीन मिनिटे लागतात, म्हणजे तेहतीस मिनिटे. त्यात हूक बसवणे, टोके दाबणे, लांबी तपासणे धरले तर एक ब्रेसलेट चाळीस मिनिटांचे झाले. डझनाला आठ तास. म्हणजे व्यापारी डझनाचा जो दर सांगतो, ती त्या बाईची पूर्ण दिवसाची मजुरी असते. याउलट रबरी दोऱ्यात मणी ओवून गाठ मारायची असेल तर डझन माल तासाभरात होतो. तरीही आमच्या पाहण्यात असे येते की, दोन्ही मालांच्या दरात किरकोळ फरक ठेवला जातो. तारेच्या कामाला दीडपट दिले तर व्यापाऱ्याला आपण उदार आहोत असे वाटते! काम मात्र आठपट असते.

याचा परिणाम मालावर होतो. डझनावर मजुरी मिळत असेल तर बाई वेढे कमी करते. आधी तीनाचे दोन, मग दोनाचा एक, शेवटी वेढाच नाही, नुसती उघडी कडी. उघडी कडी बाहेरून छान दिसते, पण ओढ बसली की तिचे तोंड उघडते आणि मणी जमिनीवर घरंगळतात. मणी गुंफलेली तयार साखळी आता मीटरवर विकत मिळते, तिच्या कड्या बहुधा अशाच उघड्या असतात. त्या स्वस्त मालाशी आपण भावात टिकू शकत नाही. वेढा दिलेली कडी हीच आपली जागा आहे, आणि तीच आपण आपल्या हाताने घालवत आहोत.

तारेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक भांडणे तेथूनच सुरू होतात. आपल्याकडे तार गेजवर मागतात, पण गेज दोन आहेत. जुन्या ब्रिटिश गेजप्रमाणे २२ नंबरची तार ०.७१ मिलिमीटर जाडीची, तर अमेरिकन गेजप्रमाणे ०.६४ मिलिमीटरची असते. २४ नंबरची अनुक्रमे ०.५६ आणि ०.५१. बाहेरदेशाची ऑर्डर अमेरिकन नंबरात येते, दुकानदार आपल्या नंबराची तार देतो आणि मग मण्यात तार जात नाही. दोष कारागिराच्या माथी! आमची सूचना अशी की, नंबर सोडून द्यावा आणि मिलिमीटरमध्येच बोलावे.

मण्याचे भोक पाहून तार ठरते, हे अनुभवी हातांना सांगायला नको. पण व्यापाऱ्यांना सांगावे लागते. खंबायतचा अकीक घ्या. हा दगड कठीण, त्याला दोन्ही टोकांकडून भोक पाडतात आणि ती भोके मध्यभागी मिळतात. कधी किंचित चुकून मिळतात. तेथे ०.८ ची तार दामटली तर भोकाच्या तोंडाचा कपचा उडतो. त्याला ०.५ चीच तार हवी आणि ती बारीक असल्याने वेढे तीन हवेत. उत्तर प्रदेशातील पुर्दिलनगरचा काचमणी याच्या उलट. तापलेली काच लोखंडी सळईवर गुंडाळून तो बनतो, म्हणून भोक मोठे राहते आणि मणी तारेवर डुलतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक पोतीचा मणी किंवा टोपी लावावी लागते. म्हणजे दोन वस्तू जास्त, वेळ जास्त. डझनाच्या दरात हा फरक कुठेच दिसत नाही.

तुटीचा प्रश्न याहून वाईट. तार वजन करून द्यायची आणि माल परत घेताना तूट मजुरीतून कापायची, अशी रीत काही ठिकाणी आहे. एका जोडाला सात-साडेसात सेंटिमीटर तार लागते आणि वेढा दिल्यावर दोन्ही टोके छाटावी लागतातच. ही छाट कामाचा भाग आहे, चोरी नाही. तार आधी तुकडे न करता रिळावरच मणी ओवून घ्यावेत, टोकाला कडी वळवून वेढा द्यावा, मणी कडीला भिडवावा आणि मग चार सेंटिमीटर सोडून तार तोडावी. या रीतीने एका बाजूची छाट बरीचशी वाचते. आमच्या कित्येक भगिनी असेच करतात. पण वाचलेल्या तारेचा फायदा कोणाला मिळतो? मापात घट करणाऱ्यांना कुरआनने किती कडक इशारा दिला आहे, हे आमच्या व्यापारी बांधवांना ठाऊक आहे. तो इशारा फक्त तराजू घेऊन बसलेल्या किराणावाल्यासाठी आहे, असे कोणी समजू नये.

इथे कारागिरांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मालातील दोष आणि धातू लपवू नका. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी मुळीच नसते, ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण आहे. निकेलने अनेकांच्या कातडीला खाज सुटते, पुरळ येते. युरोपने १९९४ साली त्यावर निर्बंध घातले. कातडीला सतत लागून राहणाऱ्या वस्तूतून दर आठवड्याला एका चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा तेथील नियम आहे. चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार असेल तर तसेच सांगावे. गिऱ्हाईक त्यामुळे पळत नाही, फसवल्यावर पळते. पकडीचे तोंड गुळगुळीत असावे, दातेरी पकडीने मुलामा खरवडला जातो आणि महिनाभरात आतले तांबे लाल दिसू लागते. माल बांधण्यापूर्वी मलमलीचा तुकडा सर्व जोडांवरून एकदा फिरवावा. जेथे धागा अडकेल तेथे टोक बाहेर आहे. ओढणी अडकून फाटली तर ती बाई तुमचा माल पुन्हा घेणार नाही.

निळ्या डोळ्याच्या ‘नजरेच्या’ मण्याची मागणी सध्या फार आहे. दागिना म्हणून मणी घालणे वेगळे आणि मण्यात काही ताकद आहे असे सांगून तो विकणे वेगळे. दुसरा धंदा आमच्या भगिनींनी करू नये, मजुरी कितीही मिळो.

असो. व्यापाऱ्यांची बाजूही आम्ही ऐकली आहे. ते म्हणतात, भुलेश्वरचा दुकानदार आम्हाला भाव वाढवून देत नाही, मग आम्ही मजुरी कुठून वाढवणार? यात तथ्य आहे. पण रबरी दोऱ्याचा आणि वेढ्याच्या कडीचा माल एकाच पेटीत, एकाच भावात दुकानदारापुढे ठेवतो कोण? फरक दाखवल्याशिवाय फरकाचे पैसे कोणी देत नाही. एक उघड्या कडीचे आणि एक वेढ्याचे ब्रेसलेट दुकानदाराच्या हातात देऊन दोन्ही ओढून पाहायला सांगावे.

सरकारी संरक्षणाचे म्हणाल तर त्यावर फार विसंबता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली करार मंजूर केला, भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २०२१ साली ई-श्रम सुरू झाले. तेथे नाव जरूर नोंदवावे, मात्र त्याने मजुरीचा दर ठरत नाही. दर ठरतो तो काम वाटणारा आणि काम घेणारी यांच्यात, उंबऱ्यावर.

उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हाताने काम करीत आणि त्या कमाईतून सदका देत. हाताच्या कमाईची ही इज्जत आमच्या घरांत सांगितली जाते. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, हेही सांगितले जाते. तरीही रमजानच्या बाजारासाठी रात्र-रात्र जागून दिलेल्या मालाचे पैसे ईद उलटल्यावर, कधी बकरीईदच्या सुमारास हातात पडतात.

म्हणून आमची मागणी लिहून ठेवतो. दर जोडावर ठरावा. अकीक, काचमणी आणि साध्या मण्याच्या जोडाचे दर वेगळे असावेत. तारेची छाट व्यापाऱ्याच्या खात्यात जावी. वहीत बाईच्या नावापुढे डझन नव्हे, जोडांची संख्या आणि तारेची जाडी लिहिली जावी आणि त्या वहीची एक प्रत तिच्याकडे असावी. ईदच्या मालाचे पैसे चाँदरातीच्या आधी मिळावेत.