सातवी पिशवी

आमच्या कोपरखैरण्याच्या घरात भाजीच्या पिशव्या विकत आणाव्या लागत नाहीत. दारामागे सहा टांगल्यात, सगळ्या डेव्हलपर कॉन्फरन्सच्या! ‘‘पुढच्या महिन्यात आहे का रे एखादी? हिचा बंद तुटलाय,’’ असं आई अगदी सीरियसली विचारते.

खरं सांगू? बरीच वर्षं मीही तेवढ्यासाठीच जायचो. पिशवी, टी-शर्ट, लॅपटॉपवर चिकटवायला स्टिकर्स. मागच्या रांगेत बसायचं, स्लाइड्सचे फोटो काढायचे आणि संध्याकाळी लोकल पकडून घरी. ते फोटो परत कधी उघडले असतील तर शपथ!

दरम्यान महापेच्या ऑफिसात दहा वर्षं गेली. काम भरपूर, पण सगळं क्लायंटचं. बाहेर दाखवायची सोय नाही. मग एक दिवस प्रोजेक्ट संपला. बेंचवर बसल्या बसल्या लक्षात आलं, ‘हे मी केलंय’ म्हणून दाखवायला आपल्याकडे एक ओळही नाही. पोटात गोळाच आला राव!

त्याच दिवसांत एका वर्डकॅम्पला गेलो. ही वर्डप्रेसवाल्यांची कॉन्फरन्स. पहिली 2006 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झाली, आता जगभर होतात. अनेक ठिकाणी तिच्या जोडीला ‘काँट्रिब्युटर डे’ असतो. त्या दिवशी भाषणं कमी, टेबलं जास्त. एका टेबलावर कोडमधल्या चुका शोधणारे, दुसऱ्यावर मदतीची पानं लिहिणारे, तिसऱ्यावर अनुवादवाले. इंग्रजीत प्रश्न विचारायला लाजणारा मी, गुपचूप मराठीच्या टेबलावर जाऊन बसलो.

तिथे वाद रंगला होता. ‘पासवर्ड’ ठेवायचं की ‘परवलीचा शब्द’? मी आईला फोन लावला. ‘‘परवलीचा शब्द म्हणजे काय गं?’’ ती म्हणाली, ‘‘शिवाजी महाराजांच्या सिनेमात पहारेकरी विचारतात तो. का रे?’’ टेबल हसून लोळलं, आणि आम्ही ‘पासवर्ड’ सुचवला. इथे सुचवलेलं लगेच लागत नाही. त्या भाषेचा संपादक तपासून मंजूर करतो. काही दिवसांनी माझी सात वाक्यं मंजूर झाली. सातच! पण माझ्या नावावर, कुणीही बघावीत अशी. पुढच्या इंटरव्ह्यूत मी पहिली तीच दाखवली.

तेव्हा मंडळी, भाषणं बहुतेक वेळा नंतर यूट्यूबवर मिळतात. मिळत नाही ते बाकीचं. पाच मिनिटांचा लायटनिंग टॉक कुणीही देऊ शकतं, फक्त नाव नोंदवायचं. 2009 मध्ये बंगलोरला सुरू झालेल्या पायकॉन इंडियासारख्या ठिकाणी डेव्ह स्प्रिंट असतात. तिथे ज्यांचं सॉफ्टवेअर आपण रोज वापरतो, त्यांच्याच शेजारी बसून त्यातली एखादी बारीक चूक दुरुस्त करता येते. आणि चहाच्या रांगेत ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न तर फुकटच आहे. सुरुवातीला जीभ अडखळते, मग सुटते.

यंदा मी लायटनिंग टॉकसाठी नाव दिलंय. आईला सांगितलं, तर म्हणते, ‘‘बोलणाऱ्यांना पिशवी मोठी मिळते का रे?’’